कळस कोणी चढवला?

उठा, संपादक महाशय. हस्तलिखित दुसऱ्यांदा वाचलं. अक्षर सुरेख, समासात वेलबुट्टी, आणि मजकुराच्या नावानं आनंदीआनंद!

मागच्या खेपेला चौकटीत दीड चरण लिहून खाली ठसठशीत ‘संत तुकाराम’ टाकलं होतंस. वारकरी पंथाच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनी रचला आणि तुकोबा तिचा कळस झाले, हे तुकोबा स्वतःच लिहितील? स्वतःला कळस म्हणवून घेणारा माणूस होता का तो? चरणात ‘तुका’ दिसला की खपवला तुकोबांच्या नावावर. अरे, नाममुद्रा शेवटच्या चरणात बघायची असते. तो अभंग शिऊरच्या संत बहिणाबाईंचा, तुकोबांच्या शिष्येचा. त्यांचं नाव शेवटच्या चरणातच आहे आणि नेमका तोच तुम्ही गाळून पाठ करता.

हे सांगितल्यावर दुरुस्ती काय केलीस? नाव बदललंस आणि शेजारी चित्र डकवलंस ते आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं! संत बहिणाबाई १७०० साली गेल्या, चौधरी १८८० साली जन्मल्या. मधली पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षं कुठं गेली रे?

चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी वहीत टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या, पुढे ती वही अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. एका वहीवर तरलेले हे शब्द. आणि तू पान नऊवर १९६१च्या ‘मानिनी’तलं त्यांचंच गाणं देतोस, वर गायिकेचं नाव लिहितोस, कवयित्रीचा पत्ता नाही. संगीतकार वसंत पवार, तेही गायब!

‘सर, व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच होतं’ हे मला सांगायचं नाही. तिथं कुठल्याही सुविचाराखाली वपु असतात, नाहीतर पुलं. त्या बिचाऱ्यांनी इतकं लिहायला कधी वेळ काढला असता?

गाथा चाळली म्हणतोस. चाळून काय सापडणार? मागे अकारादी सूची असते, पण ती पहिल्या चरणाची. तुला आठवतो मधला, म्हणून हात हलवत परत येतोस. तुझी आजी भजनी मंडळात जाते ना? तिला मधली ओळ विचारू नकोस, ती अडेल. पहिल्यापासून म्हणायला सांग. चाल लागली की पहिला चरण आपसूक येतो. तो लिहून घे, मग सूची उघड. गाण्याचं असेल तर चित्रपटाची श्रेयनामावली थांबवून वाच. कंटाळा आला तरी वाच.

आणि इतकं करूनही नाव नाहीच मिळालं, तर ‘कवी अज्ञात’ असं दडपून लिहायचं नाही. कवी अज्ञात असणं निराळं, तू न शोधणं निराळं. ‘आम्हांला नाव सापडलं नाही’ असं लिही आणि खाली सही कर.

सोमवारी मधल्या सुट्टीत ही दोन्ही पानं मला हवीत. ते चित्र खरवडू नकोस, कागद फाटेल. वरून कोरा कागद चिकटव. बस खाली.