पिठाचा डबा

माझं शिक्षण दहावी. आमच्या आधीच्या पोरांना अकरावीला मॅट्रिक होती, आमच्या वेळी ती दहावीला आली आणि तिथंच माझी शाळा सुटली. वडिलांनी बैलांचा कासरा हातात दिला. पुढं वाचायचा नाद लागला, दोन-चार लेख छापून आले आणि गावात मी 'लिहिणारा' झालो. सोसायटीच्या अर्जापासून निरोपाच्या मानपत्रापर्यंत लोक माझ्याकडून लिहून नेतात. त्यामुळं तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी माझी नात एक दिवस म्हणाली, "आबा, वक्तृत्व स्पर्धा हाय. विषय शेतकऱ्याची व्यथा. सात मिनिटं बोलायचंय. तुमीच लिहून द्या की," तवा मला बरंच वाटलं. कॉलेजच्या स्टेजवर आपला पाय कधी पडला नाही, निदान आपले शब्द तरी जातील.

एका रात्रीत मी भाषण लिहिलं. आमच्या भावकीतला एक चुलतभाऊ नापिकीनं आणि कर्जानं खचला आणि त्यानं स्वतःला संपवलं. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी त्याचंच लिहिलं. नाव घातलं नाही. पण जे घडलं होतं तेवढ्यावर माझं भागेना. म्हणून त्यानं कधीच न लिहिलेली एक चिठ्ठी त्यात घातली. भुकेनं रडणारी लेकरं घातली. शेवटी घातला पिठाचा रिकामा डबा. आई तो उलटा करून खरवडते आहे आणि लेकरू विचारतंय, बाबा कधी येणार. हे लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

पोरगी रोज सांजंला बांधावर उभी राहून भाषण म्हणायची. आवाज कुठं चढवायचा, कुठं एक श्वास थांबायचं, सगळं मी शिकवलं. डब्याच्या वाक्याआधी थोडं थांबायचं हेही मीच सांगितलं. पहिलं बक्षीस आलं. कप आणि दोन हजार रुपये.

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत तिला तेच भाषण करायला लावलं. झेंड्याच्या समोर सतरंजीवर बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यात माझी ती चुलत वहिनी होती. खरं तर हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही. टाळ्या पडल्या, बायकांनी डोळ्याला पदर लावले. वहिनी मात्र मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसकत बसली होती.

संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर आली. चहा नको म्हणाली.

"भावजी, बक्षीस किती मिळालं पोरीला?"

"दोन हजार."

"चांगलं झालं." मग जरा वेळानं म्हणाली, "माझ्या घरात पिठाचा डबा कधी रिकामा नव्हता. मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले, पण पोरं उपाशी निजवली न्हाईत. तुमी सगळ्या गावाफुडं सांगितलं, हिनं लेकरं उपाशी मारली."

"वहिनी, नाव कुठं घेतलंय?"

"गावात आनी कोन मेलंय तसं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती उठता उठता म्हणाली, "त्या दिवशी सकाळी त्यांनी तूर काढायला आलेल्या बायांची हजेरी चुकती केली. एकीचे वीस रुपये राहिले हुते, ते माझ्याकडून घेऊन दिले. सावकाराचं देणं होतं, सोसायटीचं होतं, पण रोजगाराच्या बाईचा रुपाया ठेवला न्हाई. हे न्हाई आलं तुमच्या भाषणात. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

रात्री नात आणि मी बोलत बसलो. ती रडली, पण पोरगी शिकलेली. रडून झाल्यावर तिनं वाद घातला. म्हणाली, "आबा, चुकलंच. पण एक सांगा, नुसतं खरं सांगितलं तर ऐकतंय कोन? बायांची हजेरी दिली म्हनल्यावर कुनी टाळ्या वाजवल्या असत्या का? डब्यामुळं तर ते परीक्षक रडले. शेतकऱ्याचं कुनी ऐकावं म्हनूनच केलं ना आपन?"

हा प्रश्न सोपा नाही. मी बरेच दिवस तो घेऊन रानात फिरलो. शेतकऱ्याचं कुणी ऐकत नाही हे मी साठ वर्षं बघतोय. मग चार शब्द वाढवून कुणाचे कान उघडले तर बिघडलं कुठं?

विचार करता करता मला एक गोष्ट दिसली. रिकाम्या डब्याची सवय लागली की भरल्या डब्याचं दुःख कुणाला दिसत नाही. परीक्षकांनी स्पर्धेस्पर्धेत असे दहा डबे ऐकले, की पुढच्या वर्षी डबा पुरत नाही, त्याहून मोठं काहीतरी लागतं. आणि ज्याच्या घरात दोन वेळच्या भाकरी आहेत, पोरीची फी भरलेली आहे, पण रात्री ज्याला झोप येत नाही, असा माणूस ऑफिसच्या दारात गेला तर लोक म्हणतात, तुला काय धाड भरलीय? माझा भाऊ नेमका तसाच होता. त्याच्याही घरात पीठ होतं. म्हणून तर आम्हाला कुणाला काही कळलं नाही. म्हणजे ज्याची व्यथा सांगायला मी निघालो, त्याच्यासारख्याचीच व्यथा मी माझ्या लिहिण्यानं झाकून टाकली.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिलं. लिहिलेलं ते ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. त्यात राग भरपूर आहे. पण कर्जात बुडालेल्या कुणब्याचं घर जिथं येतं, तिथं घरातली एकेक वस्तू, अंगावरचा कपडा, ताटातलं अन्न असं सगळं मांडलेलं आहे. त्या घराच्या दारात उभं राहून पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही. ऐकणाऱ्यांत शेतकरी असला तर खोटं तिथल्या तिथं उघडं पडणार. मी मात्र माझं भाषण वहिनीला सोडून सगळ्यांना ऐकवलं होतं.

पुढच्या वर्षी नातीला कॉलेजात प्रकल्प करायचा होता. तिनं विषय घेतला, गावातलं पीककर्ज. या वेळी मी लिहून दिलं नाही. फक्त वहीचं पान तीन भागांत आखून दिलं. एकात जे तू डोळ्यानं पाहिलं ते, दुसऱ्यात जे मोजलं किंवा कागदावर वाचलं ते, तिसऱ्यात जे कुणी सांगितलं ते. एकातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. त्यांच्या सरांनी सांगितलं होतं की संदर्भ द्या. तिला ते कटकटीचं वाटे. मी म्हणलं, पोरी, आपण कुणाचं बियाणं आणून पेरलं तर विचारणाऱ्याला सांगतो ना, अमक्याकडून आणलं म्हणून? चांगलं उगवलं तर त्याचं नाव होतं, फसलं तर कुठं फसलं ते शोधता येतं. लिहिण्यातही तेवढंच आहे.

नेटवरून उतरवलेली चार पानं तिनं सुरुवातीला घातली होती. मी तिला ती मोठ्यानं वाचायला लावली. वाचताना तिचा श्वास पुरेना आणि अर्थ विचारला तर सांगता येईना. तिनं आपल्या हातानं ती काढली. ज्या वाक्यापर्यंत आपला एक श्वास पुरत नाही, ते दोन करायचं, हे तिचं तिलाच कळलं.

ती नऊ घरांत गेली. लिहून झाल्यावर परत त्याच घरांत जाऊन ज्याचं त्याला वाचून दाखवलं. दोन घरांनी म्हटलं, आमचं काढून टाक. तिनं काढलं. प्रकल्प सात घरांचा झाला. वहिनीकडं ती शेवटी गेली. मी गेलो नाही, माझं तोंड नव्हतं. दीड पान झालं. त्यात हजेरीचे वीस रुपये होते आणि सोसायटीचं किती, सावकाराचं किती, ते वहिनीनं दाखवलेल्या कागदांवरून उतरवलेलं होतं. ऐकून झाल्यावर वहिनी म्हणाली, "आता हे त्यांचं वाटतंय." पोरीनं घरी येऊन मला एवढंच सांगितलं.

कॉलेजात प्रकल्प उभं राहून मांडायचा होता. ती घाबरली. पाठ केलेलं नव्हतं, सुरुवातीला अडखळली, आवाज कुठंच चढला नाही. मग एका सरांनी मध्येच विचारलं, हा व्याजाचा आकडा कुठून आणला? तिनं वही उघडली, कुठल्या कागदावर पाहिला ते सांगितलं आणि तिथून पुढं तिचा आवाज लागला. पाठ केलेलं माणूस विसरतं, आणि विसरायची धास्तीच त्याला स्टेजवर कापायला लावते. स्वतः पाहिलेलं विसरायचं कसं? टाळ्या जेमतेम पडल्या. मार्क बरे मिळाले. रडलं कुणी नाही. एका पोरानं मात्र नंतर येऊन तिला सांगितलं, "आमच्या घरी पण असंच चाललंय, खायला हाय पण बाप बोलतच न्हाई." त्यानं बापाशी बोलावं म्हणून ती बराच वेळ त्याच्याजवळ बसली.

डब्याच्या भाषणानं रडलेल्या माणसांतलं असं कुणी तिच्याकडं आलं नव्हतं.

दोन हजार रुपयांचं काय करायचं म्हणून आम्ही वहिनीकडं गेलो होतो. तिनं हात लावला नाही. म्हणाली, पोरीच्या पुस्तकाला घाला. कप अजून आमच्या कपाटावर आहे. नात म्हणते, कॉलेजात परत देते. मी म्हणतो, भाषण माझं होतं, द्यायला मी येतो. अजून आमचं जाणं झालेलं नाही.