घमेलं आपलंच

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पुण्यात ती रात्र कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या अंगाने पाणी उतरलं आणि ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या संरक्षक भिंती ढासळत गेल्या. नानांच्या बंगल्याची मागची भिंत त्यातच गेली. भिंत कसली, चार फुटी दगडी जोतं आणि त्यावर मेंदीचं कुंपण. त्यापलीकडे एक बोळ, बोळापलीकडे ओढा. माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाजी निवडताना त्या बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असत. दूधवाला, क्लासची मुलं, कुणाची तरी सून. पुरात मेंदी मुळासकट गेली.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याचं त्यांना कळतं, असं ते म्हणत आणि आम्हीही मानत असू. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्यामुळे मानण्यावाचून गत्यंतरही नाही. त्यांनी नवी भिंत आठ फुटी घातली, काँक्रीटची, आरपार बंद. "आता पूर काय, वाराही यायचा नाही," म्हणाले. वारा खरोखरच यायचा थांबला. खिडकीतून माईंना आता करडा गिलावा दिसायचा. त्यांनी भाजी निवडायला पुढच्या व्हरांड्यात बसायला सुरुवात केली.

भिंत वाळते न वाळते तोच बोळात एक पुरुष भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला मी गच्चीवरून पाहिला. दुसऱ्या दिवशी दोन. महिन्याभरात वासाने गच्चीचं दार लावून घ्यायची पाळी आली. रात्री नऊनंतर तिथे टोळकं बसू लागलं. सकाळी क्वार्टरच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे ग्लास, चखन्याची पाकिटं. महापालिकेचा दिव्याचा खांब होता, पण त्याच्यासमोर गुलमोहराची फांदी आडवी आलेली, त्यामुळे उजेड सगळा पानांवर आणि बोळात काळोख. बसायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती. आठ फुटांची पाठ टेकायला भिंत, आणि बघायला कुणी नाही.

नानांनी पहिला उपाय केला तो अस्सल पुणेरी. पाटी लावली. पत्र्याची, चार फूट बाय तीन फूट, पांढऱ्यावर लाल. 'येथे कचरा टाकण्यास व लघवी करण्यास सक्त मनाई आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ अन्वये कारवाई करण्यात येईल.' खाली गाढवाचं चित्र काढायचं पेंटरने सुचवलं होतं, ते नानांनी नाकारलं. कायदा असताना गाढव कशाला, हा त्यांचा मुद्दा. पुणेरी पाट्यांचं आपण फार कौतुक करतो. मला मात्र कुठलीही पाटी वाचून एखादा माणूस परत फिरलेला अजून दिसायचा आहे. आठवड्याभरात पाटीच्या बरोबर खाली घरगुती कचऱ्याच्या काळ्या पिशव्या येऊन पडू लागल्या. जणू जागा कुठली ते पाटीनेच सांगून ठेवलं.

मग फरशा आल्या. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना. सर्वधर्मसमभाव जितका आपल्या मुतारीच्या भिंतींवर आहे तितका अन्यत्र नाही. या उपायाला अर्धं यश आलं. भिंतीकडे तोंड करून उभं राहणारे चार पावलं पुढे सरकले. पण महिन्याभरात फरशांपुढे निर्माल्याच्या पिशव्या दिसू लागल्या. त्यापाठोपाठ तडा गेलेल्या काचेच्या तसबिरी, पाय तुटलेला बाळकृष्ण, जुनी कॅलेंडरं. घरात नको झालेले देव लोक कुठे सोडतात ते तुम्हाला माहीत आहे: वडाखाली, पुलावरून, नाहीतर दुसऱ्याच्या भिंतीशी. रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या मावशींनी हात जोडले. "बाकी काय बी उचलते नाना, देव न्हाई उचलणार. माझ्या घरात लेकरं हायत."

नानांचा पारा चढत गेला. तिसरा उपाय त्यांनी कुणाला न विचारता केला. रात्रीच्या टोळक्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून फोडल्या आणि त्या काचा भिंतीच्या माथ्यावर सिमेंटात बसवल्या. "त्यांचंच त्यांना," म्हणाले. टोळकं भिंतीवर चढत नव्हतंच, ते खाली बसत होतं. काचांचा त्रास फक्त मांजराला झाला.

आणि मग कॅमेरा.

आठ दिवसांचं चित्रण बघायला नानांनी मला एका रविवारी खाली बोलावलं. माईंनी पोहे केले होते. नाना वही-पेन घेऊन बसले होते. पुरावा म्हणून पोलिसांना द्यायची वही, तारीख-वेळ-वर्णन असे तीन रकाने आखलेले. पहाटे ५:४० ला पहिला आरोपी आला. माकडटोपी, पायात बूट, हातात आकडी लावलेली काठी आणि पिशवी. आकडीने त्याने भिंतीवरून डोकावणारी जास्वंदीची फांदी वाकवली आणि कळ्यासुद्धा न सोडता खुडली. मग तगर. मग पारिजातकाला एक झटका.

"अरे, हे तर आपल्या हास्यक्लबातले!" नाना थक्क झाले. "माझ्या शेजारी उभे असतात हात वर करून!"

६:२० ला एक स्कूटर. बाई थांबलीसुद्धा नाही, पायाशी ठेवलेली पिशवी चालत्या गाडीवरून भिरकावली. नेम उत्तम होता. नानांनी नंबर वाचायचा प्रयत्न केला, जमला नाही, तरी वहीत रंग लिहिला.

७:१० ला बोळात कुणीच नव्हतं. आणि अचानक भिंतीच्या माथ्यावर, काचांच्या वर, दोन हात आले. हातांत घमेलं. घमेलं उलटं झालं आणि पालापाचोळा, जास्वंदीच्या छाटलेल्या काड्या, एक फुटकी कुंडी असं सगळं बोळात सांडलं. हात गेले. मिनिटाभराने पुन्हा आले, पुन्हा घमेलं.

"हा कोण रे नवीन?" नानांनी चित्र थांबवलं. "मागे घे जरा. पलीकडून टाकतोय... म्हणजे कुठल्या बाजूने?"

मी पोह्यांकडे बघत राहिलो. माई चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्या वाकल्या, पडद्याकडे नीट पाहिलं.

"घमेलं आपलंच आहे," त्या म्हणाल्या. "बुडाला मी डांबर लावून घेतलं होतं, ते दिसतंय बघा."

वहीच्या तिसऱ्या रकान्यात नानांनी काही लिहिलं नाही.

इथे नाना ओशाळले आणि सुधारले असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. त्यांनी चार दिवस वाद घातला. पाला म्हणजे कचरा नव्हे. पाला मातीचाच, मातीत जातो. पूर्वीपासून आपण मेंदीपलीकडेच टाकत आलो. यातलं शेवटचं खरं होतं. पण तेव्हा चार फुटी कुंपणावरून टाकताना माणसाला आपण काय टाकतो ते दिसायचं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तो माणूस दिसायचा. म्हणून ओंजळभरच टाकलं जायचं. आता घडवंचीवर चढून, आठ फुटांवरून, न बघता. आवाज होतो फक्त, आणि तोही आपल्या बाजूला येत नाही.

मी एक आगाऊपणा केला. पाटीवर ज्या नियमांची धमकी होती ते नियम वाचून काढले. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये कचरा निर्माण करणाऱ्याची कर्तव्यं सांगितली होती. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. रस्त्यावर किंवा आवाराबाहेर टाकायचा नाही. नानांना मी हे दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पेंटरला नियमाचा आकडा मीच दिला होता."

मावशींना विचारायचं मात्र आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हापासून त्या या कामात आहेत. २००८ साली 'स्वच्छ' सुरू झाली तशा त्या दारोदार येऊ लागल्या. ढीग बघून त्यांना घर कळतं. मी जिन्यात सहज विषय काढला तर त्या हसल्याच.

"पयला तुमचाच पाला पडला. भिंत झाली, त्या हप्त्यात. पाल्यावर मग कुणी नारळाची करवंटी टाकली, करवंटीवर पिशवी. साफ जागंत पयला कचरा टाकायला मानूस लाजतो. ढिगावर टाकायला कोन लाजतंय?"

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"इचारलं कुनी?"

तरीही भिंत उतरली ती पाल्यामुळे नाही. समोरच्या इमारतीच्या वॉचमनचा मुलगा, दहा वर्षांचा, त्याचा चेंडू नानांच्या बागेत गेला. आठ फुटी भिंतीवर कुणी दहा वर्षांचं पोर चढणार नाही, असा नानांचा हिशोब. पण बोळातल्या ढिगामुळे ती तेवढ्या जागी जेमतेम पाच फुटी झाली होती. पोराने माथ्यावर हात टेकला. तळहाताला तीन टाके पडले. दवाखान्यात नानाच घेऊन गेले, पैसे त्यांनीच दिले. पोराची आई काही बोलली नाही, नुसती "पाणी देऊ का, आजोबा?" म्हणाली. घरी आल्यावर माईंनी ताट वाढलं आणि त्या उठून आत गेल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात नाना पहिल्यांदा एकटे जेवले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन काचा काढल्या. चार दिवसांनी गवंडी आला आणि भिंत चार फुटांवर आली. उरलेल्या उंचीत लोखंडी जाळी बसवली, आरपार दिसणारी. फरशांना घण लावायला गवंडी तयार होईना, म्हणून त्या माईंनी कडेने खरवडून काढल्या आणि देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. क्रूस आणि मक्काही. गुलमोहराची फांदी कापायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तिच्यासाठी नानांनी अर्ज केला. परवानगी यायला वेळ लागला, पण आली. त्या संध्याकाळी बोळात पहिल्यांदा उजेड पडला तेव्हा तो केवढा अरुंद आहे हे लक्षात आलं. अंधारात तो मोठा वाटायचा.

टोळकं लगेच गेलं नाही. उजेडातही दोन रात्री बसलं. मी एकदा ११२ ला फोन केला, पोलिसांची गाडी आली, नावं लिहून घेऊन गेली. त्यांच्या अंगावर धावून जाऊ नये, एवढं शहाणपण आम्हाला होतं. दारू प्यालेल्याशी हुज्जत घालण्याचं काम आपलं नव्हे. पण मला वाटतं त्यांना हलवलं ते माईंनी. खिडकी पुन्हा उघडली होती. त्या आत भाजी निवडत होत्या आणि जाळीतून त्यांना विचारत होत्या, "बाळांनो, जेवलात का? कुठे राहता?" तिसऱ्या रात्री कुणी आलं नाही. आईसमोर प्यायला कुणाला आवडतं?

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. स्कूटरवाली बाई अजून कुठेतरी पिशवी भिरकावत असेलच, फक्त इथे नाही. इथे ढीगच राहिला नाही. तसबिरी मात्र अधूनमधून येतात. माई त्यांची काच, चौकट, कागद वेगळा करतात आणि मावशी तो नेतात. सुटा झाला की तो देव उरत नाही, असा दोघींचा काहीतरी समझोता झाला आहे. हास्यक्लबातले गृहस्थ येतात ते आता सातला, उजाडल्यावर, आणि आकडी आणत नाहीत. नानांनी त्यांना हटकलं नव्हतं. फक्त एकदा जाळीच्या आतून "सुप्रभात" म्हटलं होतं. खालच्या फांदीची पाच-सात फुलं घेतात, कळ्या ठेवतात.

बागेच्या कोपऱ्यात नानांनी विटांचा जाळीदार हौद बांधला, तीन फूट लांब, तीन फूट रुंद. पाला त्यात पडतो, वर आठवड्याला शिळं ताक आणि थोडा शेणकाला. पहिलं खत निघायला पाच महिने लागले. त्यातलं टोपलीभर वॉचमनच्या मुलाने नेलं, त्याने डब्यात मिरच्या लावल्यात.

पावसात हौदाला झाकण हवं होतं. नानांनी भिंतीवरची पाटी उतरवली, पत्रा चांगला जाड होता, मापालाही बसला. सक्त मनाईची लाल अक्षरं खालच्या बाजूला आहेत, पाल्याकडे तोंड करून.