मुलांच्या पाटीवर काय लिहावे?

माउली, गेल्या एकादशीला माधवनगरात भजन आटोपल्यावर एका आईने जो प्रश्न विचारला, तो तुमच्यापुढे ठेवतो. ती म्हणाली, "बुवा, मुलाच्या शाळेत आता चित्रकला, योगासने, संगणक, संगीत, सगळे सुरू होणार आहे. सर्वांगीण विकास म्हणतात. पण शाळेचे तास तेवढेच. मग कमी काय करायचे? गणित?" आमच्यातले एक जुने टाळकरी लगेच म्हणाले, "रोज एक तास हरिपाठाचा ठेवा, त्यात सगळे आले." सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला टोचू लागले.

हरिपाठ वेळापत्रकात गेला की त्याची परीक्षा आली. परीक्षा आली की गुण आले, पहिला-दुसरा नंबर आला, बक्षीस आले. नामाचा आनंद घ्यायचा, तिथे मूल शेजाऱ्याच्या गुणांकडे बघू लागेल. शिवाय त्याच बाकावर दुसऱ्या धर्माच्या घरातले लेकरू बसले असेल, तर त्याच्यावर आपण सक्ती करणार का? विठ्ठल कोणावर सक्ती करत नाही. तो विटेवर उभा राहून वाट बघतो.

मग आपल्या परंपरेने शिक्षण कशाला म्हटले? ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडून पाहा. ज्ञान म्हणजे काय, हे सांगताना गीतेने अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, शुचिता अशी लक्षणे मोजली आणि माउलींनी त्यांचा शेकडो ओव्यांत विस्तार केला. किती पाठ आहे, हे तिथे विचारलेले नाही. मान मिळाला नाही तर तुझे मन कसे राहते, चालताना पायाखालच्या जिवाची तुला आठवण राहते का, हे विचारले आहे. या प्रश्नांना तास नेमता येत नाही. हे गुण दुसऱ्या कामाच्या आडून, चार जणांच्या संगतीत अंगी येतात.

आपल्या भागात हे करून दाखवणारा माणूस होऊन गेला. माधवनगरहून फार लांब नसलेल्या वारणाकाठच्या दुधगावात 1910 च्या सुमारास भाऊराव पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. पुढे 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली ती साताऱ्यास नेली. तिथेही सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुले शेतात राबत आणि शिकत. ज्याच्या हाताला खुरप्याचा घट्टा पडला, तो दुसऱ्याच्या कष्टाला हलके लेखत नाही. ज्याने शेजारच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली, त्याला समतेवर निबंध लिहायला सांगावे लागत नाही. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडताना आपण जे शिकतो, तेच तिथे रोज शिकवले जात होते.

पण एक गोष्ट विसरू नका. भाऊरावांनी हातात खुरपे दिले म्हणून पुस्तक काढून घेतले नाही. त्यांनी शिक्षक घडवणारे विद्यालय काढले, हायस्कुले काढली, 1947 साली साताऱ्यात महाविद्यालय काढले. म्हणून त्या आईला माझे पहिले उत्तर असे, की बाई, गणित कमी करू नका. माधवनगरची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा घराघरांत काय झाले ते आपल्याला माहीत आहे. गरिबाच्या लेकराला हिशेब आणि वाचन पक्के यायलाच हवे. कच्च्या वाचनावर भजनाचे पांघरूण घालणे हा मुलाचा घात आहे.

मग बाकीचे कुठे बसवायचे? दिंडीकडे बघा. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा जनसागर शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. गप्प कधी व्हावे, तक्रार कशी मांडावी, तिची दखल कशी घ्यावी, असे नागरिकशास्त्राचे तीन धडे तिथे मिळतात आणि भजनाचा वेळ त्यासाठी कापावा लागत नाही.

शाळेतही असेच साधेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावे असे सुचवले आहे. आपल्याला लांब जायला नको. मिरजेत तंबोरे घडतात. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात आणि घडवणारे बहुतेक कारागीर मुस्लिम घराण्यांतले आहेत. भोपळ्याचा घेर मोजताना भूमिती होईल, तार लावताना कान तयार होईल. भीमेकाठचे फळ कुणाच्या हातून आपल्या भजनात येते, हे कळले की मनातला दुजाभाव आपोआप गळेल. एकाच कामात गणित, कला आणि अहिंसा एकत्र आली, मग कोणता तास कमी करायचा, हा प्रश्नच सैल होतो.

आता आपल्यापुरते बोलू. शाळेला सल्ला देणे सोपे असते. तुम्हाला मृदंग येतो, सुतारकाम येते, वाफा बांधता येतो, तर आठवड्यातला एक तास शाळेला विचारून तिथे द्या. गुण मागू नका, माळ घालायची अट घालू नका. आणि मूल घरी आल्यावर "किती मार्क पडले?" याआधी "आज कोणाबरोबर डबा खाल्लास?" असे विचारून बघा. मीही नातवाला कालपासून हेच विचारू लागलो आहे. पहिल्या दिवशी तो गोंधळला. आज मात्र शाळेतून आल्या आल्या, मी विचारायच्या आत त्याने नाव सांगितले.

रामकृष्णहरी.