‘आमचं काही नाही हो, पण लोक…’

एका महिला अधिकाऱ्याच्या बदलीच्या प्रकरणात कोण काय म्हणालं, ते सगळं इथे उगाळत नाही. मला चीड आली ती एका वाक्याची. ‘बाईंच्या कामाबद्दल तक्रार नाही, पण हाताखालची माणसं त्यांना जुमानत नाहीत.’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण फक्त वस्तुस्थिती सांगितली. पण त्या वाक्यात काम चोख असल्याची कबुली बाईंच्या नावावर आहे आणि शिक्षाही त्यांच्याच नावावर आहे. वरिष्ठाचा आदेश न मानणं हा शिस्तभंग आहे. साहेबांचा आदेश कारकुनाने धुडकावला तर कारणे दाखवा नोटीस कारकुनाला जाते. मॅडमचा धुडकावला तर मॅडमच्याच गोपनीय अहवालात शेरा पडतो: कर्मचाऱ्यांशी समन्वय नाही.  दोघांपैकी एकाने कर्तव्य टाळलेलं असताना ‘समन्वय’ हा शब्द दोष दोघांत वाटून टाकतो, आणि वाटणीत मोठा वाटा नेहमी एकाच बाजूला जातो.

ही सबब फक्त तालुक्याच्या कचेरीत चालते असं समजू नये. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लेखी मांडली गेली आहे. सैन्यातल्या अल्पकालीन सेवेतल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्यावी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण दहा वर्षं रेंगाळलं. शेवटी केंद्राच्या लेखी टिपणात हे कारण आलं की जवान पुरुष आहेत, बहुतेक खेड्यांतून आलेले आहेत, आणि महिला अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली राहण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी १७ फेब्रुवारी २०२० ला हा युक्तिवाद फेटाळला. निकाल सगळ्यांना आठवतो. त्या युक्तिवादाकडे मात्र पुरेसं कोणी पाहिलं नाही, म्हणून आज मी तिथेच थांबणार आहे. सैन्य अठरा-वीस वर्षांच्या पोराला गावातून उचलतं आणि त्याची झोप, जेवण, बोलणं, चालणं सगळं बदलतं. सियाचीनच्या बर्फात उभं राहायला शिकवतं. समोरून गोळी येत असताना पुढे सरकायला शिकवतं, जे माणसाच्या देहाच्या सगळ्या उपजत प्रेरणांविरुद्ध आहे. एवढं सगळं शिकवू शकणारी संस्था न्यायालयात म्हणते की हुकूम बाईच्या आवाजात आला तर तो पाळायला आम्ही शिकवू शकत नाही. हे म्हणणं खरं असतं तर तो प्रशिक्षणाचा लाजिरवाणा पराभव ठरला असता. पण ते खरं नव्हतं, आणि ते सैन्याला पुण्यातच दिसलं होतं. लेफ्टनंट जनरल पुनीता अरोरा यांनी २००४ मध्ये सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाची सूत्रं हाती घेतली. २०१६ च्या मार्चमध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांचा ‘फोर्स १८’ हा सराव झाला, तेव्हा चाळीस जणांच्या भारतीय तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं आणि सगळ्या देशांच्या तुकडीप्रमुखांत त्या एकट्याच महिला होत्या. ती तुकडी त्यांच्या हुकमावर चालली. चार वर्षांनी त्याच सैन्यासाठी हे टिपण लिहिलं गेलं.

आता ते ‘खेड्यांतून आलेले’ हे शब्द घ्या. कोणतं खेडं? १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभरातल्या ग्रामपंचायतींत एक तृतीयांश जागा आणि सरपंचपदं महिलांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. म्हणजे २०२० साली भरती होणारा साताऱ्याचा किंवा बुलढाण्याचा तरुण बाई सरपंच नावाची गोष्ट अस्तित्वात असलेल्या जगातच जन्मला आणि वाढला. ग्रामसभा, दाखले, नळाचं पाणी या सगळ्यावर बाईची सही चालते हे त्याने पाहिलं आहे. काही गावांत बाईंच्या खुर्चीवर नवरा बसतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण तिथेही खुर्ची बळकावणारा तो नवरा आहे, आणि तरी शेरा बाईंवरच मारला जातो.

या सबबीत एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करून पुढे जायला हवं: लोक बाईच्या कामाला कमी लेखतात. एस्थर डुफ्लो आणि पेटिया टोपालोव्हा यांनी या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या अनेक राज्यांतल्या गावांची पाहणी अभ्यासली. जिथे महिला सरपंच होत्या तिथे पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक होत्या, दर्जा कमी नव्हता आणि लाच देण्याचं प्रमाणही कमी होतं. तरीही गावकरी जास्त नाराज होते, आणि जी सेवा पंचायतीच्या हातातच नाही तिच्याबद्दलची नाराजीसुद्धा याच गावांत जास्त निघाली. म्हणजे नाराजीचा कामाशी संबंध उरला नव्हता. इतपत ऐकून ‘बघा, लोक तयार नाहीत’ म्हणणाऱ्यांनी पुढचा अभ्यासही वाचावा. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, डुफ्लो, रोहिणी पांडे आणि टोपालोव्हा यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं आणि त्याची कर्तबगारी जोखायला सांगितलं. शब्द तेच होते, फक्त काहींनी ते पुरुषाच्या आवाजात ऐकलं आणि काहींनी बाईच्या. ज्या गावांत कधीच महिला प्रधान, म्हणजे सरपंच, झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. आरक्षणामुळे महिला प्रधान लाभलेल्या गावांत हा फरक जवळपास मिटला होता. तिथल्या पुरुषांना विचारलं तर त्यांची पसंती अजूनही पुरुष पुढाऱ्यालाच होती. पण आवड आणि पारख त्यांनी वेगळी करायला सुरुवात केली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. मन बदलेपर्यंत थांबावं लागलं नाही. बाई खुर्चीवर बसली आणि काम दिसलं, त्यानंतर पारख सुधारली. ‘लोकांची तयारी होऊ द्या, मग बघू’ म्हणणारा माणूस ही तयारी जिथून सुरू होते तीच जागा बंद करून ठेवतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कचेरीच्या प्रमुखाला आज संध्याकाळपर्यंत काम उरकायचं असतं, समाज सुधारायला त्याला नेमलेलं नाही. मग जी व्यक्ती टीमला चालते तिला पुढे केलं तर त्याचं काय चुकलं? चुकलं ते हे की टीमला चालण्याची अट तो सगळ्यांना सारखी लावत नाही. हाताखालच्यांना नकोसा झालेला पुरुष अधिकारी ‘कडक’ म्हणून बढती घेतो. मराठीत ‘साहेब कडक आहेत’ हे कौतुकाचं वाक्य आहे आणि बाईसाठी त्याच वागण्याला ‘खाष्ट’ हा शब्द तयार आहे. सासूला लावला जाणारा शब्द आपण सरळ कचेरीत आणून बसवला. आणि हे बायकाही करतात, असं कोणी म्हणेल. करतात. २०१२ साली अमेरिकेतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांना एकच अर्ज कधी जॉनच्या, तर कधी जेनिफरच्या नावाने दाखवला गेला. स्त्री-प्राध्यापकांनीही जेनिफरला कमी लायक ठरवलं आणि कमी पगार देऊ केला. त्यामुळे अन्याय कमी ठरत नाही, तो किती खोल मुरला आहे एवढंच कळतं.

सगळ्यांना सारखं माप लावण्याचा हा प्रश्न तर सैन्याच्या खटल्यातच पुन्हा उभा राहिला. २०२० च्या निकालानंतर कायम नियुक्तीसाठी महिलांचे जुने गोपनीय अहवाल काढले गेले. ते लिहिले गेले तेव्हा या अधिकाऱ्यांना कायम व्हायचंच नाही असं गृहीत होतं, त्यामुळे ते उरकून टाकल्यासारखे भरलेले होते. पुढच्या वर्षांत मिळालेली सन्मानपत्रं मोजलीच गेली नाहीत. पुरुषांनी जी शारीरिक कसोटी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी दिली, ती या महिलांकडून चाळिशी ओलांडल्यावर मागितली गेली. २५ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. कागदावर प्रत्येक निकष समान होता.

आणि मग ऑक्टोबर २०२४ मधलं ते पत्र. पूर्वेकडच्या १७ व्या कोअरच्या प्रमुखांनी आठ महिला कमांडिंग ऑफिसरांच्या कारभारावर वरिष्ठांना लिहिलं. त्यांच्यात अहंकार आहे, हाताखालच्यांना समजून घेण्याची वृत्ती नाही, तक्रारी फार करतात, असा त्याचा सूर होता. त्या आठांतल्या काही जणी खरोखर वाईट अधिकारी असतीलही. तसं असेल तर प्रत्येकीच्या अहवालात तिची चूक लिहावी: कोणता निर्णय, कोणती तारीख, काय नुकसान. पण आठ पुरुषांवरून कोणी सगळ्या पुरुष अधिकाऱ्यांबद्दल पत्र लिहीत नाही. आणि या दोन कागदांतली विसंगती मला विसरता येत नाही. २०२० मध्ये म्हणणं होतं की माणसं बाईचं ऐकणार नाहीत. २०२४ मध्ये म्हणणं झालं की बाई माणसांना फारच ऐकायला लावते. दोन्ही वेळा ‘लोक’ पुढे केले गेले, दोन्ही वेळा त्यांतला एकही जण आपलं नाव घेऊन बोलला नाही, आणि दोन्ही वेळा तोटा बाईच्या खात्यावर पडला.

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्यांदा सतरा मुली बाहेर पडल्या. अधिकारी म्हणून त्यांचे अहवाल तीस-पस्तीस वर्षं लिहिले जातील. त्यांतल्या कुठल्याही पानावर ‘माणसांना मान्य नाही’ असा शेरा आला, तर वरच्या अधिकाऱ्याने सही करण्याआधी कोणत्या माणसांना, ते नावानिशी लिहून मागावं. आणि ज्यांची नावं येतील त्यांच्यावर आदेश न पाळल्याबद्दल काय कारवाई केली, तेही त्याच पानावर लिहून घ्यावं.