भातुकलीतील बाप

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. सुट्टीमुळे घर मुलांनी भरून गेले होते आणि दुपारी अंगणातील आंब्याखाली त्यांची भातुकली रंगली होती. आम्ही मोठी माणसे ओट्यावर बसलो होतो. सहा-सात वर्षांचा एक मुलगा ‘बाबा’ झाला होता. तो ‘कामावरून’ आला, पानावर वाढलेला वाळूचा भात त्याने पाहिला, ‘हे काय जेवण आहे?’ असे ओरडून पान भिरकावले आणि ‘आई’ झालेल्या मुलीवर हात उगारला. मुलगी रडली नाही की पळाली नाही. तिने मान खाली घालून डोके दोन्ही हातांनी झाकून घेतले, जणू ही भूमिका तिला पाठच होती. ओट्यावर हशा पिकला. ‘बापाच्या वळणावर गेलाय,’ असे कोणीतरी म्हणाले. त्या मुलाची खरी आई मात्र हसली नाही. ती पदर सावरत उठली आणि आत निघून गेली.

आम्हीही हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे कित्येक दिवस ते हसणे आम्हाला बोचत राहिले.

संत ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात अशाच एका हसण्याची आठवण आहे. शाळेत त्यांना मार बसत असे. मार चुकावा म्हणून तो लहानगा जीव देवाचा धावा करी. घरची मोठी माणसे, प्रत्यक्ष आईवडीलसुद्धा, त्या वळांकडे पाहून हसत. पुढे बिशप झालेला, विद्वान म्हणून जगन्मान्य झालेला हा माणूस ते हसणे विसरू शकला नाही. वळ बुजतात, आपल्या वेदनेकडे पाहून आपलीच माणसे हसली, हे बुजत नाही.

याच ग्रंथात संत मोनिका यांच्या संसाराचेही चित्र आहे. पती पॅट्रिशियस शीघ्रकोपी आणि परस्त्रीगामी. मोनिका त्याचा राग ओसरेपर्यंत गप्प राहत आणि मग सावकाश त्याची समजूत घालीत. शेजारच्या ज्या स्त्रियांचे पती स्वभावाने पॅट्रिशियसहून सौम्य होते, त्यांच्या चेहऱ्यांवर मात्र मारहाणीच्या खुणा असत. त्या तक्रार करू लागल्या की मोनिका अर्धवट थट्टेने सांगत, विवाहाचा करार वाचला गेला तेव्हाच आपण दासी झालो हे ध्यानात ठेवा आणि धन्यासमोर ताठा धरू नका. ज्यांनी हा सल्ला मानला त्यांना गुण आला, असेही ऑगस्टीन नमूद करतात.

मोनिका या ख्रिस्ती मातांच्या आश्रयदात्या संत. सत्तावीस ऑगस्टला आपण त्यांचा सण साजरा करतो आणि त्यांचे अश्रू व चिकाटी यांचे गुणगान करतो. ते योग्यच आहे. परंतु त्या शेजारणींच्या सुजलेल्या चेहऱ्यांविषयी आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. चौथ्या शतकातील आफ्रिकेत, जिथे स्त्रीला दुसरा आसराच नव्हता, तिथे तो सल्ला कदाचित जीव वाचविणारा असेल. आजच्या लेकीला तोच सल्ला देणे म्हणजे एका संताची अगतिकता आज्ञा म्हणून तिच्या माथी मारणे होय. सोशिकता हा सद्गुण आहे, यात शंका नाही. पण सोसायचे की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच. मान खाली घालणारी भातुकलीतील ती मुलगी सोशिक नव्हती. तिला दुसरे काही ठाऊकच नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. काही ठराविक कारणांपैकी एखादे असेल तर पतीने पत्नीला मारणे समर्थनीय आहे, असे सुमारे ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटते. या कारणांत स्वयंपाक नीट न करणे हेही आहे. म्हणजे वाळूचा भात आमच्याच अंगणात शिजत होता असे नाही.

‘फादर, लग्न हा संस्कार आहे ना, मग सोडून कशी जाऊ?’ हा प्रश्न आपल्या समाजात नेहमी विचारला जातो. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ व्या कलमात उत्तर आहे. जोडीदाराच्या अथवा मुलांच्या शरीराला वा मनाला जो गंभीर धोका निर्माण करतो, तो दुसऱ्याला विभक्त होण्याचे रास्त कारण देतो. बिशपांच्या आदेशाने, आणि विलंबात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारातही. कारण संपले की सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, ही अपेक्षाही तिथे आहे. विवाहबंधन त्यामुळे तुटत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतिशिया’मध्ये आणखी स्पष्ट म्हटले की काही वेळा विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात हे कलम वाचून दाखविले तर किती बरे होईल!

देशाचा कायदा आपल्या स्त्रियांपर्यंत उशिराच पोहोचला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरता हे कारण पुरत नसे; ही दुरुस्ती व्हायला २००१ साल उजाडले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा मारापुरताच थांबत नाही. अपमान, पैशाची कोंडी यांनाही तो हिंसा मानतो आणि स्त्रीला राहत्या घरातून काढून लावण्यास मनाई करतो.

आता पडद्याविषयी. ‘त्या मोबाइलनेच मुले बिघडली,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या मुलाने ते पडद्यावर पाहिले की घरात, हे आम्ही सांगू शकत नाही, बहुधा दोन्हीकडे. ऑगस्टीन यांचा मित्र अलिपियस याची कथा इथे आठवते. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजींना नेले. शरीर न्याल, डोळे नेता येणार नाहीत, असे म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. गर्दीचा एकच गलका झाला, त्याने डोळे उघडले, आणि रक्त पाहून त्याला चटक लागली. पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९६५ साली मुलांना एक चित्रफीत दाखविली. तीत एक मोठा माणूस हवेच्या बाहुल्याला बडवीत होता. काही मुलांना त्याला बक्षीस मिळाल्याचे दाखविले, काहींना शिक्षा झाल्याचे, काहींना काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. मात्र नंतर ‘जे पाहिले ते करून दाखवा, बक्षीस मिळेल,’ असे सांगताच तिन्ही गटांतील मुलांनी जवळपास सारखेच करून दाखविले. बाहुल्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरी एवढे खरे की मूल करीत नाही म्हणजे शिकले नाही, असे समजणे धोक्याचे. २०१९ साली एका हिंदी चित्रपटातील नायकाने प्रेयसीला थप्पड मारली, तरी शेवटी तिचे प्रेम त्यालाच लाभले आणि चित्रपटगृहे तुडुंब भरली. बक्षिसाचा शेवट तो हाच.

पण घरातल्या मुलाला कोणता शेवट दिसतो? बाप मारतो, आई गप्प बसते, सकाळी चहा होतो, रविवारी सारे मिळून मिस्साला जातात. शेजारी आवाज ऐकतात आणि टीव्हीचा आवाज मोठा करतात. आम्हीही केला आहे. कोणाच्या संसारात पडू नये, हे आपल्याकडचे फार जुने शहाणपण.

आमच्या आळीत एक वृद्ध बाई होत्या. शाळा त्यांनी जेमतेम पाहिलेली. शेजारी भांड्यांचा आणि रडण्याचा आवाज सुरू झाला की त्या वाटी घेऊन त्या दाराशी जात आणि कडी वाजवीत. ‘मीठ आहे का गं?’ असे विचारून आत शिरत आणि तासभर हलत नसत. मालक चडफडत बाहेर निघून जाई. मीठ घेऊन आलेली ती वाटी त्या घरी आणून ओट्यावर ठेवीत. त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी काठोकाठ भरलेली असे.