अति झालं, म्हणून दिसलं

पेशींच्या सूचीत ए-431 या नावापुढे मूळ माणसाबद्दल जेमतेम एवढंच सापडतं : स्त्री, वय 85 वर्षे, त्वचेचा कर्करोग. बाईंचं नाव नाही, गाव नाही. 1973 साली अमेरिकेत जियार्ड, आरॉन्सन, टोडारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या गाठींतून पेशी काढून त्या प्रयोगशाळेत जगवण्याचा खटाटोप केला, त्यातली ही एक गाठ. शरीराबाहेर काढलेल्या पेशी सहसा काही दिवस तग धरतात आणि मरून जातात. या आजींच्या पेशी मात्र पन्नास वर्षं उलटून गेली तरी वाढताहेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. त्यांच्या पेशीसंग्रहातून देशभरातले संशोधक ए-431 मागवून घेतात.

प्रयोगशाळेत या पेशींचा संसार साधाच असतो. आडवी ठेवलेली प्लास्टिकची चपटी बाटली, तळाशी गुलाबीसर पोषकद्रव, 37 अंशांची ऊब. पेशी वाढल्या, त्यांनी सोडलेलं आम्ल साठलं, की तो गुलाबी रंग पिवळट होऊ लागतो. मग पीएचडीच्या विद्यार्थ्याला रविवार असो की दिवाळी, द्रव बदलायला जावंच लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जुन्या वाड्याच्या चौकातल्या फरसबंदीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी दिसतात. त्यांच्यावर ईजीएफ नावाच्या प्रथिनाचा थेंब टाकला, की काही मिनिटांत त्यांच्या कडा चुणीदार होऊन हलायला लागतात.

हे ईजीएफ शोधलं स्टॅनली कोहेन यांनी. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडतात, एवढ्या एका विचित्र निरीक्षणाचा त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. (आजच्या अनुदान समितीपुढे हा विषय मांडला असता, तर कोहेन बहुधा हात हलवत परतले असते.) अर्कातलं ते प्रथिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं, हे कळलं. पण पेशीला हा निरोप मिळतो कसा? तो झेलणारा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असणार, हे उघड होतं. अडचण अशी, की साध्या पेशीवर हे रिसेप्टर काही हजार, फार तर लाखभर. तेवढ्याशा मालातून ते वेगळे काढून तपासायचे म्हणजे दिव्यच.

इथे आजींची गाठ कामाला आली. ए-431च्या एकेका पेशीवर हे रिसेप्टर वीस लाखांच्या वर असतात. रोगानं जिथे ताळतंत्र सोडला होता, तिथेच निरोगी पेशीत झाकलेली गोष्ट ढळढळीत दिसू लागली. कोहेन यांच्या प्रयोगशाळेनं याच पेशींची आवरणं वापरून दाखवलं, की हा रिसेप्टर नुसता निरोप झेलत नाही, तो स्वतःच एक विकर आहे. 1986 चं नोबेल कोहेन यांना रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्याबरोबर मिळालं. त्याआधी, 1984 साली, लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटानं ए-431 पेशींतून आणि मानवी वारेतून हाच रिसेप्टर शुद्ध करून त्याची रचना वाचायला घेतली, तेव्हा ती कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळली. कर्करोगाची जनुकं ही आपल्याच वाढीच्या यंत्रणेची बिघडलेली रूपं असतात, याचा इतका थेट पुरावा तोवर क्वचितच हाती आला होता.

आणि एक गंमत. रिसेप्टर इतके उदंड, तर ईजीएफ भरपूर दिल्यावर या पेशी भराभरा वाढायला हव्यात. होतं उलटंच, त्यांची वाढ खुंटते. अति तेथे माती ही म्हण कर्करोगाच्या पेशीलाही चुकलेली नाही.

पुढे कॅलिफोर्नियात जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सॅटो यांनी ए-431 मधला रिसेप्टर उंदरांना टोचून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं मिळवली. त्यातूनच सेटुक्सिमॅब हे औषध आलं. अमेरिकेत 2004 मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि 2006 मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. तंबाखू, मिसरी, गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या शिरेत हे औषध जातं. पुष्कळांना ते परवडत नाही, हेही इथेच सांगायला हवं.

एवढं सगळं वाचल्यावर आजींच्या थोर दानाबद्दल दोन शब्द लिहावेत, असा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो. आपल्याकडे दानाला संकल्प लागतो. हातावर पाणी घेऊन, नावगोत्र उच्चारून, जाणूनबुजून सोडायचं असतं ते. त्या काळी रुग्णालयांत काढलेली गाठ संशोधनाला देताना रुग्णाला विचारायची पद्धत रुळलेली नव्हती. हेन्रिएटा लॅक्स यांच्या अशाच न विचारता घेतलेल्या हेला पेशींची गोष्ट जगाला ठाऊक झाली, त्यांचं नाव उशिरा का होईना पुढे आलं, वारसांना त्या पेशी विकणाऱ्या कंपनीशी न्यायालयात भांडता आलं. या आजींच्या वाट्याला तेवढंही नाही. त्यांच्याकडून जे मिळालं ते त्यांनी देऊ केलेलं नव्हतं, आपण घेतलेलं होतं. आपण ऋणी आहोत, हे खरंच. पण न विचारता घेतलेल्या वस्तूला दान म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तशी सोय घेणाऱ्याचीच होते.

आता रीत बदलली आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाचे नमुने संशोधनासाठी ठेवायचे तर त्याची संमती घ्यावी लागते. प्रत्यक्षात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, कुणीतरी बोट ठेवून दाखवतं, “इथे, इथे आणि इथे,” आणि घाबरलेला मुलगा नाहीतर जावई सह्या करत सुटतो.

उद्या आपल्या घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर त्या गठ्ठ्यातला संशोधनाचा कागद तेवढा बाजूला काढा. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच वाचून दाखवा. काय ठेवणार, कशासाठी, नाव गुप्त राहणार का, हे डॉक्टरांना विचारा. नाही म्हणायचा हक्क आहे, आणि नाही म्हटल्यानं उपचारात कसूर होता कामा नये. पटलं तर जरूर हो म्हणा, पण समजून म्हणा.