सामाईक विहीर

बिरवाडीत आमच्या आजोबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची वाटणी झाली, तेव्हा पितळी टोपंसुद्धा तराजूत घातली गेली. पाटा एका घरात आणि वरवंटा दुसऱ्या घरात गेला, असं आजी हसत सांगायची. विहीर मात्र तोडता येईना. सातबाऱ्यावर ती सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पुढं दोन्ही घरांत बोलणं बंद पडलं, तरी रहाटाची कुरकुर थांबली नाही.

देशादेशांच्या मैत्रीवरची भाषणं ऐकली, की मला ती विहीर आठवते. आणि आठवतात आमच्याच तालुक्यातले चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावातला. (नावावर कोटी करणार नव्हतो, पण गावानंच ती करून ठेवली आहे.) देशमुख परराष्ट्र खात्यातले नव्हते. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, हिशोबाचे पक्के गृहस्थ. १९४४ साली ४४ देश चलनव्यवस्थेच्या परिषदेसाठी अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जमले, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते. १९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका आणि युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमलं. अमेरिकेकडून कर्जाऊ गहू मिळवण्याची पहिली बोलणी त्यांनीच केली. मला मात्र त्यांची खरी वकिली त्याआधीची वाटते, राजदूत हे नाव लागण्यापूर्वीची.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, बँक एकच राहिली. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत दोन्हीकडचं चलन रिझर्व्ह बँकेनं सांभाळायचं, असं ठरलं होतं. म्हणजे एका बाजूला निर्वासितांच्या गाड्या, काश्मीरमध्ये लढाई, आणि मुंबईत एक गव्हर्नर दोन्ही भावांच्या खातेवह्या समोर घेऊन बसलेला. पाकिस्तानसाठीच्या पहिल्या नोटा नाशिकच्या छापखान्यातून निघाल्या. नोटा आपल्याच, सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या. वर फक्त ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असा ठसा उमटवलेला. आणि खाली सही सी. डी. देशमुखांची. लाहोरच्या वाण्याच्या गल्ल्यात नात्याच्या माणसाची सही!

हे गोडीगुलाबीनं चाललं असं नव्हे. जानेवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये भारत सरकारनं अडवून धरले. गांधीजी उपोषणाला बसल्यावर ते सोडले. बँक भारताची बाजू घेते, असा ठपका पाकिस्ताननं ठेवला. ३० सप्टेंबरपर्यंतची ही व्यवस्था तीन महिने आधीच, ३० जून १९४८ ला गुंडाळली गेली आणि १ जुलैला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. तिचे पहिले गव्हर्नर झाहिद हुसेन त्याआधी दिल्लीत पाकिस्तानचे उच्चायुक्त होते. तिकडं वकिलातीतला माणूस बँकेत गेला, इकडं बँकेतला माणूस वकिलीला निघाला.

याच काळात औंधचे आप्पासाहेब पंत नैरोबीत भारताचे आयुक्त होते. माणसं जोडण्याची त्यांची हातोटी इतकी, की इंग्रज सरकारला ते डोळ्यांत सलू लागले. तो मैत्रीचा दुसरा घाट, अधिक देखणा. पण वाटणीच्या घरात मनमिळाऊ पाहुण्यापेक्षा पाळ्या चोख पाळणारा माणूस जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. चोख माणूस नाहीही म्हणू शकतो. १९५२ ला आमच्या कुलाबा मतदारसंघानं निवडून दिलेल्या देशमुखांनी अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावर राजीनामा टाकला.

सरकारातून मोकळं झाल्यावर त्यांनी पुन्हा विहीरच खणली. तिचं नाव इंडिया इंटरनॅशनल सेंटर. दिल्लीत लोदी बागेला लागून, जोसेफ स्टाइननं बांधलेली, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं उभी राहिलेली ही वास्तू. पायाभरणी १९६० मध्ये जपानचे युवराज अकिहितो यांच्या हस्ते झाली, उद्घाटन १९६२ च्या जानेवारीत. परदेशी विद्वानांनी यावं, राहावं, जेवावं, वाद घालावेत, एवढाच बेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं, म्हणजे मुहूर्त काही शुभ म्हणता येत नाही. आज तिथं सभासद होणं सोपं नाही; ‘दिल्लीकर साहेबलोकांचा क्लब’ ही टीका मला निम्मी तरी पटते. पण ज्यांची सरकारं एकमेकांशी बोलत नाहीत अशी माणसं एका टेबलाशी चहा पिऊ शकतील, अशा जागा आपल्याकडं आहेत तरी किती?

आमची विहीर अजून आहे. नळाचं पाणी आलं, रहाट गेला, कठड्याला शेवाळ धरलं. तरी वैशाखात गाळ काढायला दोन्ही घरांतून माणूस येतो. खर्चाची वही यंदा धाकट्या पातीकडं आहे. मजुरी, दोर, चहा, सगळं निम्मंनिम्मं लिहिलेलं. वाटणीतला तो पाटा मात्र अजून त्यांच्या ओटीवर पडून आहे, आणि वरवंटा आमच्याकडं दाराला अडसर म्हणून लावलेला.